आठशे साठ मीटरवरची जमीन

वाशी, ९ जानेवारी २०२४

श्यामकाका,

नमस्कार करते. पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. परवा फोन केला तर काकू म्हणाल्या, "त्यांना फोनवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवतात. तू आपलं लिहून पाठव." म्हणून लिहितेय. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच हाताने पत्र लिहितेय, तर अक्षराला हसू नका.

मी अजून त्याच कंपनीत आहे, एस्टिमेशनला. रस्ता निघाला की माती किती खोदायची, भराव किती घालायचा, मुरूम किती आणायचा हे काढायचं आणि त्यावरून खर्चाचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. आता ड्रोन तासाभरात लाखभर बिंदू आणून देतो आणि सॉफ्टवेअर घनमीटर सांगून मोकळं होतं. बाबा असते तर म्हणाले असते, "मग तुला पगार कशाचा देतात?"

आता मुद्दा. उरणच्या अलीकडे शेवखार गावाला जाणारा रस्ता रुंद करायचाय. कंटेनरचे ट्रेलर तिथून जाणार. हा रस्ता चाळीस वर्षांपूर्वी खाजणातल्या खाऱ्या चिखलात भराव घालून केलेला. त्या भरावाखाली मूळ जमीन किती खोल होती हे माहीत असल्याशिवाय जुना भराव किती काढायचा ते कळत नाही. म्हणून निविदेच्या कागदांबरोबर तेव्हाच्या लेव्हल बुकाची स्कॅन कॉपी आली. मी तिसरं पान उघडलं आणि काका, सातच्या पोटात आडवी रेघ! बाबांचं अक्षर. खाली लिहिलंय: "निरीक्षण श्यामसुंदर मुळ्ये, नोंद अरविंद खातू, फेब्रुवारी १९८४." बाबांना जाऊन बारा वर्षं होतील. ऑफिसात बसून रडले नाही मी, पण चहा गार झाला.

तुम्ही दोघं तिथे होतात हे मला माहीतच नव्हतं. कसं करायचात तेव्हा? सगळं लिहा. आणि एक विचारायचंय. सुरुवातीपासून ८६० आणि ८८० मीटरवर हा रस्ता दर वर्षी खचतो, गावातले लोक वैतागलेत. वहीप्रमाणे तिथे जमीन सपाट आहे, भराव जेमतेम दीड मीटर. तिथलं काही आठवतंय का?

तुमची,
अबोली

*

संगमेश्वर, १८ जानेवारी २०२४

चि. अबोली,

आशीर्वाद तर आहेतच, ते वेगळे कशाला लिहू. तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा काकूला वाटलं वीजबिल. मी ते तीनदा वाचलं. अक्षर बापाचंच आहे, नाही म्हणू नकोस.

शेवखार! अगं, तेव्हा तिथे रस्ता कसला, मिठागराचे बांध होते. आम्ही सर्व्हेच्या एका लहानशा कंपनीत होतो. मी एकोणतीसचा, अरविंद सव्वीसचा. गावातल्या एका कौलारू पडवीत आमचा मुक्काम. सकाळी ओहोटीची वेळ बघून निघायचं. माझ्याकडे लेव्हल, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. समोर कोणीतरी चार मीटरची आकडे रंगवलेली पट्टी उभी धरायची. मी दुर्बिणीतून आकडा वाचून ओरडायचो, अरविंद लिहायचा. आकडा जितका मोठा तितकी जमीन खोल. दर वीस मीटरवर रस्त्याला आडवी रेघ धरून असे सात-आठ आकडे घ्यायचे, की झाला एक छेद.

पट्टी धरायला गावातली एक मुलगी होती, पुतळा नावाची. विशीचीसुद्धा नसेल. बाकीच्या बायका घमेली उचलायच्या, ही पट्टी धरायची. अशी ताठ धरायची की वारा असला तरी हलत नसे. अरविंद म्हणायचा, "श्याम, आपल्यातली खरी इंजिनीअर ती. आपण नुसते कारकून."

संध्याकाळी गणित. आलेख-कागदावर छेद काढायचा आणि आतले चौकोन मोजायचे. अर्धा भरलेला चौकोन धरायचा की सोडायचा यावर आमची भांडणं. शेजारच्या दोन छेदांची सरासरी काढून वीसने गुणायचं. हाताने फिरवायचं हिशोबाचं एक यंत्र होतं, खर्र खर्र करायचं. पडवीच्या मालकिणीला वाटायचं आम्ही मसाला दळतो. एकदा ती खरंच हळकुंडं घेऊन आली. अरविंदने ती ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून हळद आणून दिली, तिचा विरस नको म्हणून. असा होता तो.

त्या कामानंतर मी बाहेरची मोजणी सोडली आणि ऑफिसातली गणितं मागून घेतली. मला तीच आवडली.

त्या दोन छेदांचं मनावर घेऊ नकोस. खाजण बसतंच, त्याचा स्वभावच तो. वही बरोबर आहे.

आईला विचारल्याचं सांग.

श्यामकाका

*

वाशी, २७ जानेवारी २०२४

श्यामकाका,

हळकुंडांची गोष्ट आईला वाचून दाखवली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाही यांनी." मग पत्र तिने ठेवून घेतलं. ते मला परत मिळेल असं वाटत नाही.

पण काका, वही बरोबर नाही.

आम्ही ८६० मीटरवर बोअर घेतलं. वहीप्रमाणे दीड मीटरवर भराव संपायला हवा होता. मुरूम निघत राहिला, निघत राहिला, आणि काळा चिखल लागला तो जवळजवळ चार मीटरवर. ८८० ला तसंच. मी ते पान पुन्हा काढलं. बाकीच्या सगळ्या छेदांत आकडे कसेही वरखाली होतात, जमीन होते तसे. या दोन छेदांत मात्र प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा बरोब्बर पाच सेंटिमीटरने वाढतो आणि मधल्या रेषेनंतर तसाच कमी होतो. खाजण असं शिस्तीत चालत नाही. हे आकडे मोजलेले नाहीत, बसून लिहिलेले आहेत.

फरक थोडाथोडका नाही. तुमच्याच पद्धतीने हाताने काढला: ८६० ला अठ्ठेचाळीस चौरस मीटर जास्त, ८८० ला बेचाळीस, दोन्ही टोकांना शून्य. सगळं मिळून अठराशे घनमीटर. सव्वादोनशे डंपर भरतील एवढा भराव, जो वहीत नाहीच. तेव्हाही हिशोबात नव्हता म्हणून अर्धवट, ढिला टाकला असणार. तो आजतागायत खचतोय.

आमचे अभय सर म्हणतात, "अबोली, टेन्शन कशाला घेतेस? रेकॉर्ड आहे ना, रेकॉर्डप्रमाणे धर. दोन बोअर म्हणजे काय पुरावा होत नाही. रेकॉर्ड चुकीचं आहे असं कोणी लेखी देणार असेल तर बघू." मी रेकॉर्डप्रमाणे धरलं तर आमचा आकडा कमी येईल, काम मिळेलही. आणि रस्ता पुन्हा तिथेच खचेल, आता वर चाळीस टनांचा ट्रेलर घेऊन. पलीकडेच गावाची शाळा आहे.

मला स्पष्ट सांगा. बाबांनी हे पडवीत बसून लिहिलं का?

अबोली

*

संगमेश्वर, ५ फेब्रुवारी २०२४

चि. अबोली,

हो. ते आकडे खोटे आहेत.

अक्षर अरविंदचं, पण दोष माझा. पथकाचा प्रमुख मी होतो. कुठे लेखी द्यायचं असेल तर माझ्या एकट्याच्या नावाने देतो. त्याचं नाव त्यात येऊ देऊ नकोस.

यापुढे मला काही विचारू नकोस.

श्यामसुंदर

*

वाशी, १३ फेब्रुवारी २०२४

श्यामकाका,

तुमचं पत्र चार ओळींचं. मला आठवडा लागला पचवायला.

तुम्ही मित्रासाठी करताय ते मला कळतंय. पण मी लहान नाही. बाबांनी मला गुणाकार शिकवला तेव्हा पहिलं वाक्य हे होतं, की न मोजलेला आकडा कागदावर लिहायचा नाही. शाळेच्या प्रयोगवहीत मी एकदा तपमान अंदाजाने टाकलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तोच माणूस स्वतः असं करतो आणि मित्र ते अंगावर घेतो. मला सहन होत नाहीये. तुम्ही खोटं बोलताय म्हणून नाही, बाबा हे कधी बोलले नाहीत म्हणून.

कंटाळा केला असेल का त्यांनी? ऊन होतं? की चिखलात उतरायला नको वाटलं? काहीही असलं तरी चालेल, पण खरं हवं. तुमच्या एकट्याच्या नावाचं लेखी मला नको.

तुम्ही विचारू नकोस म्हणालात, म्हणून तुम्हाला विचारत नाही. पुतळाबाई अजून शेवखारला असतील तर त्यांना विचारीन.

अबोली

*

वाशी, ४ मार्च २०२४

श्यामकाका,

तीन आठवडे झाले, तुमचं काही आलं नाही. मी वाटही बघितली आणि नाहीही.

पुतळाबाई भेटल्या. शाळेसमोरच्या गल्लीत राहतात, साठीच्या आहेत, सुकट विकतात. मी नाव सांगितलं, अरविंद खातूंची मुलगी. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिल्या. "नाक त्याचाच हाय," म्हणाल्या.

मग आम्ही रस्त्यावर गेलो. खचलेल्या जागी त्या आपणहून थांबल्या. मी काहीच विचारलं नव्हतं. त्या बोलल्या ते मी तसंच लिहिते.

"हितं खोल व्हता. वरशी सुका दिसाचा, खाली नुसता चिखोल. मी पट्टी घेवन चालले. दुरबिनीवरचा उंच सायब वरडला, आनकी फुडं. मी गेले. परत वरडला, फुडं. मंग पाय जो गेला तो गेला. कमरेवरी, मंग छातीवरी. पट्टी सोडली नाय मी, सायबाची व्हती ना. वरडाला गेले त आवाजच येईना. तुझा बापूस धावत आला, आडवा पडला चिखलान, पट्टी आडवी टाकली न मना बोलला, हिच्यावर छाती टाक. असा खेचला मना. मंग त्या उंच सायबाला बोलला, आता हितं कोनी जायाचा नाय. मोजायचा नाय हितं. काय ल्ह्यायचा त मी ल्हीन."

काका, बाबांनी कंटाळा केला नव्हता. पुन्हा कोणाला तिथे उतरवायला नको म्हणून त्यांनी आयुष्यात एकदाच न मोजलेले आकडे लिहिले. आणि तुम्ही "दोष माझा" लिहिलंत ते मित्रासाठी नव्हतं. ते खरंच होतं. मी उलट वाचलं आणि वर तुम्हालाच सुनावलं. त्याबद्दल माफ करा.

पण एक मला कळत नाही, आणि हे विचारल्याशिवाय राहवत नाही. ती समोर बुडत होती. तुम्ही पुढे जा म्हणत राहिलात. का?

अबोली

*

संगमेश्वर, १५ मार्च २०२४

अबोली,

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. काकूलाही नाही. काल तिला तुझं पत्र वाचायला दिलं. तिने वाचलं आणि माझ्यासमोर कोरा कागद आणून ठेवला.

दुर्बिणीत माणूस दिसत नाही, अबोली. पट्टी दिसते. तीही एवढीशी, आणि आमच्या वेळच्या दुर्बिणीत तर उलटी. खालचं वर. मी आकडे वाचत होतो. दोन दहा. मग दोन चाळीस. मला बरं वाटलं, की चला, जमीन उतरतेय, इथे जुनी खाडी असणार, हा छेद महत्त्वाचा. मी म्हटलं पुढे. दोन पंच्याऐंशी. पुढे. तीन तीस. मी आकडे मोठ्याने ओरडत होतो, आनंदाने. जमीन उतरत नव्हती. पट्टी खाली चालली होती, धरणारीसकट. चार मीटरची पट्टी, आणि मी तीन पंच्याऐंशी वाचलं तेव्हा कानाशी अरविंदचा आवाज नाही म्हणून डोळा काढला. वही जमिनीवर पडली होती आणि तो धावत होता.

मी उभा राहिलो. मी धावलो नाही. हेही लिहितो. पाय उचललेच नाहीत माझे. तो तिला ओढून बाहेर काढेपर्यंत मी दुर्बिणीजवळ उभा होतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही छेद द्यायचे होते. अरविंदने पडवीत बसून लिहिले. मी सही केली. तो मला एका शब्दाने बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरच्या अठ्ठावीस वर्षांत नाही. तुझ्या बारशाला मी आलो तेव्हा तुला माझ्याच मांडीवर आधी दिलं त्याने. मला ते त्याच्या रागापेक्षा जड गेलं, पण मी तेही कधी बोललो नाही.

मोजणी सोडली ती गणिताच्या आवडीने नाही. पुढच्याच कामावर डोळा दुर्बिणीला लावला आणि मला पट्टी खाली जाताना दिसायला लागली. होती तिथेच होती, तरी.

सोबत लेखी पाठवलंय, सही-तारखेसह. त्यात अरविंदचं नाव आलंय. यायलाच हवं. का मोजलं नाही तेही लिहिलंय, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल तो कसा माणूस होता. शेवखारचा रस्ता खचतो हे मी वर्तमानपत्रात दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा पान उलटलं.

तुला एक विनंती. हे पत्र पुतळाला वाचून दाखव. मी तिची क्षमा मागत नाही, चाळीस वर्षांनी ती कुठल्या तोंडाने मागू. फक्त मला ती बुडताना दिसत होती आणि तरी मी ओरडत होतो, असं तिला वाटत असेल, तर तेवढं वाटू नये.

श्यामकाका

*

वाशी, २८ मार्च २०२४

श्यामकाका,

आधी कामाचं. तुमचं लेखी अभय सरांनी केबिनमध्ये उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. म्हणाले, "माझ्या आयुष्यात असा कागद बघितला नाही." आम्ही ते बोअरच्या अहवालासकट निविदा काढणाऱ्यांकडे पाठवलं. काल उत्तर आलं. वहीतले ते दोन छेद रद्द झाले, आणि सगळ्याच कंपन्यांसाठी तिथला ढिला भराव काढून नवा घालण्याचं काम वाढवून दिलं. आता काम आम्हाला मिळो की आणखी कोणाला, तिथे खालपासून भराव पडेल. म्हणजे आमचा आकडा कमी येण्याचा फायदा गेला. सर म्हणाले, "जाऊ दे गं, त्या रस्त्यावरून शाळेची पोरं जातात."

आई म्हणते, बारशाचं तिला आठवतंय. तुम्ही मला घेतलंत आणि एकदम उठून बाहेर गेलात. तिला वाटलं होतं मी तुमचा शर्ट ओला केला.

रविवारी शेवखारला गेले आणि ओट्यावर बसून पुतळाबाईंना पत्र वाचून दाखवलं. "पट्टी खाली चालली होती, धरणारीसकट" इथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ समोरची सुकट निवडत राहिल्या. मला वाटलं रागावल्या.

मग म्हणाल्या, "मना वाटलाच व्हता, त्याला दिसत नसंल. दिसत असता त कोन वरडंल आसा? त्याचा मना काय नाय." आणि मग त्यांचा आवाज चढला, "पन दुसऱ्या दिसाला मना कामावर बोलावला नाय! दुसरा मानूस घेतला पट्टीला. मी आंगोल करून, धुतलेला लुगडा नेसून बांधावर उबी. दोघं सायब आले, दोघांनी मान खाली घातली न गेले. मना काय झाला व्हता? थोरा खरचटला व्हता. गावान सगल्या बायका घमेली उचलाच्या, मी एकलीच पट्टीवाली. सगले माझ्याकडं बगाचे. त्या चिखलान मी मेले नाय, पन त्या दिवशी मना घमेला उचलाया लावला."

काका, बाबांनीही हे तुम्हाला कधी सांगितलं नसणार. त्यांना ठाऊकच नसणार. तुम्ही दोघांनी तिला जपलंत असं तुम्हाला वाटलं. तिला मात्र वाटलं की आपलं काहीतरी चुकलं म्हणून काढून टाकलं. ती चाळीस वर्षं हाच विचार करतेय, की पट्टी सोडली नाही, तरी का काढलं.

मी त्यांना म्हटलं, काकांना काय लिहू? त्या उठून आत गेल्या. गुळाचा चहा केला, मला पाजला, आणि निघताना दारातून म्हणाल्या, "त्याला लिव, मी पट्टी वाकडी धरली नव्हती. त्यानी सोताच्या तोंडानी सांगावा, वाकडी नव्हती म्हून."

अबोली

*

संगमेश्वर, ४ एप्रिल २०२४

अबोली,

पुढच्या शनिवारच्या सकाळच्या एस.टी.चं आरक्षण केलंय, पनवेलपर्यंत. काकू बरोबर येतेय, मी रस्त्यात परत फिरेन अशी तिला भीती आहे. तू पनवेलला ये. तिथून आधी शेवखार, मग तुझ्या घरी जेवायला. आईला सांग साधंच कर.

कानाचं मशीन दुरुस्त करून घेतलं. ती जे बोलेल ते ऐकू यायला हवं.

पुतळाला कळवू नको, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलंय, वर दिसत असेल. कळव. आम्ही न सांगता तिला कामावरून काढलं, आता न सांगता दारात जाऊन उभं राहणं बरं नाही. तिला सांग, उंच साहेब येतोय, आता तेवढा उंच राहिलेला नाही. आणि सांग, की सबंध नोकरीत तिच्याइतकी सरळ पट्टी मी कोणाच्या हातात पाहिली नाही. नको, हे तू सांगू नकोस. हे मीच सांगतो.

श्यामकाका